जंतूंचे डॉक्टर

भिलाईत कारखाना उभा राहत होता, तेव्हा आमच्या शेजारचे डॉक्टर क्षयाच्या जंतूंवर संशोधन करत. जंतूंचं खाद्य अंड्यांचं, म्हणून ते कॅम्प-१च्या बाजारातून टोपलीभर अंडी आणत. स्वतः मात्र एकही खात नसत. "माहे जंतू लय आळशी. आठवडे-आठवडे जेवतेत, मंग तोंड दाखवतेत," असं जावयासारखं कौतुक करत.

आमच्या ओळीतला एक फिटर क्षयातून बरा होऊन आला, तरी त्याच्याकडे कोणी पाणी पीत नव्हतं. एका सकाळी डॉक्टर त्याच्या ओट्यावर बसले आणि त्याच्याच कपातला उरलेला चहा प्यायले.

"भेव नाही वाटत?" मी विचारलं.

"याची थुंकी अंड्याच्या खाद्यावर आठवडे-आठवडे ठेवली, काहीच उगवलं नाही. मी कावून भेवू?"

मग मीही टेकलो आणि फिटरच्या बायकोला म्हणालो, "वहिनी, मलेबी अर्धा कप द्या."

वहिनींनी काठोकाठ भरून दिला. साखर एवढी, की चमचा उभा राहावा.