पुस्तक यमुनेकडे आहे

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. ह्यांना ठाऊक नाही, पुण्याच्या माझ्या भावाला ठाऊक नाही. आणि देवापुढे बसले की मी मुद्दाम दुसरंच काहीबाही मागत सुटते — नातवाचा खोकला, माझे गुडघे — म्हणजे हा विषय निघायलाच नको. हसू नका. तुम्ही कधी देवाला असं गुंडाळलं नाहीत का?

आधी एक सांगते, म्हणजे उगाच माझी कीव करायला लागू नका. मी सुखी बाई आहे. कर्जतला दोन खोल्यांचं का होईना, आपलं घर आहे, मुलं मार्गी लागली, दात बरेचसे जागेवर आहेत, आणि दुपारचं आवरलं की हातात पुस्तक असतं. झोप छान लागते. तीच तर गोष्ट आहे — मला झोप छान लागते.

पण सुरुवातीपासूनच सांगायला हवं, नाहीतर मी पुन्हा बगल देईन. स्वभाव आहे माझा.

पंधराएक वर्षं झाली असतील. तेव्हा घाटात अजून विजेच्या तारा आल्या नव्हत्या. वाफेच्या गाड्या कर्जतला थांबायच्या, मागून जोर लावायला दुसरं इंजिन जोडायचे आणि मग गाडी धापा टाकत वर चढायची. हे स्टेशनात माल-कारकून होते. माझा भाऊ पुण्याहून गार्डाच्या हाती पुस्तकं पाठवायचा, कधी नवी, कधी कुणाची वापरलेली. ती मी वाचायची आणि शनिवारी माईंकडे घेऊन जायची.

माई म्हणजे कचेरीतल्या अव्वल कारकुनांची बायको. त्यांच्या माजघरात आम्ही सात-आठजणी दर शनिवारी दुपारी जमायचो. घरच्यांना सांगायला कारण होतं — बिरडं सोलणं. भिजवून मोड आणलेले वाल मधे परातीत असायचे, हात सोलत असायचे आणि कान मोकळे. मग माई विचारायच्या, ‘हं, सध्या कोण काय वाचतंय?’ जिचं पुस्तक झालं असेल तिनं ते सांगायचं, आणि पुढे कुणी वाचावं हेही तिनंच ठरवायचं. ‘हे तू वाच गं, तुझ्या सासूसारखीच आहे यात एक,’ असं. मग पुस्तकाची पाठवणी. खरीच पाठवणी हो! फडक्यात बांधून, वर सुपारी ठेवून, लेकीसारखं पुढच्या घरी द्यायचं. वाचून झालं की आतल्या पुठ्ठ्यावर आपलं एक कुंकवाचं बोट उठवायचं. चांगल्या पुस्तकाचा पुठ्ठा नुसता लाल झालेला असे.

आणि एक नियम होता. जी पुस्तक हरवील तिची पाळी बंद, ते आणून देईपर्यंत. हा नियम कुणी केला? मी. मोठ्या तोऱ्यात केला होता.

यमुना आमच्यात सगळ्यात शेवटी आली. नदीपलीकडे दहिवलीला तिचं घर, भाताची शेती. माईंना वाल घालायला यायची ती. एकदा आली आणि दाराशीच थांबली. मी तेव्हा कुठलंसं पुस्तक सांगत होते. बराच वेळ झाला तरी ही उभीच. माईंनी विचारलं तर म्हणाली, ‘मला वाचता येतंय. भावाची पाटी व्हती ना, त्याच्यासंगं शिकले.’ माईंनी तिला पुस्तक देऊन वाचायला लावलं. बोट ठेवून, अडखळत, पण वाचलं तिनं पानभर. आम्ही अगदी कौतुकानं तिला घेतली. ती उंबऱ्याजवळ बसायची. आत ये असं तिला कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. मीही म्हटलं नव्हतं.

पण वाचायची काय ती! लावणीच्या दिवसांत एकदा पुस्तक महिनाभर उशिरा आणलंन, कोपऱ्याला चिखलाचं बोट लागलेलं. काय ओशाळली होती. ‘कुंकवाचं उठवायचं ते चिखलाचं उठलं,’ म्हणाली. आम्ही हसलो. मी जरा जास्तच हसले.

आता माझं. मी चांगलं सांगत असे — हे माझं मी नाही म्हणत, सगळ्या म्हणायच्या. माझी पाळी असली की कुणी शनिवार चुकवायची नाही. माणसाला गोड लागतं हो ते. आणि एकदा काय झालं, भावानं पाठवलं ते निघालं प्रवचनांचं पुस्तक. रोज दुपारी उघडायची आणि तिसऱ्या ओळीला घोरायला लागायची. शनिवार उजाडला, माझी पाळी, आणि सांगायला माझ्याजवळ काही नाही. ‘या खेपेला झालं नाही’ एवढं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? काही नाही. पण माई म्हणाल्या, ‘इंदूची पाळी, आज मजा आहे,’ आणि सगळ्या पुढे सरकल्या. मग मी तोंड उघडलं आणि एक पुस्तकच रचलं.

नावसुद्धा ठेवलं — ‘सुटलेली गाडी अथवा कमळेचे धैर्य’. अथवा घातल्याबरोबर कसं छापील वाटायला लागलं! कमळा नावाची नवी नवरी, सासरच्या माणसांबरोबर पुण्याला निघालेली. घाटाखालच्या स्टेशनात मागचं इंजिन जोडताना ती तांब्या भरायला उतरते, आणि गाडी सुटते. तिकीट सासऱ्याजवळ, पत्ता ठाऊक नाही. आमच्या स्टेशनात एकदा एक मुलगी अशी राहिलेली मी पाहिली होती. ती बिचारी पुढच्या गाडीनं गेली. माझी कमळा गेली नाही. स्टेशनमास्तरांच्या आईनं तिला घरी नेली, आणि चौथ्या दिवशी सासरचं पत्र आलं, की परक्या घरी राहिलेली सून आम्हाला नको. इथे मी थांबले आणि म्हटलं, एवढंच वाचून झालंय.

परातीतले वाल तसेच. कुणाचा हात चालत नव्हता. उंबऱ्याजवळ यमुनेनं पदर तोंडाला लावला होता.

त्याच दिवशी सांगून टाकायचं होतं — अगं, बनवलं मी! सगळ्या हसल्या असत्या, पाठीत धपाटा बसला असता. पण नाही. पुढचे दोन शनिवार मी कमळेला घेऊन जात राहिले. आठवडाभर चुलीपुढे बसून पुढचं जुळवायची. खरं सांगू? तेवढी मजा मला आयुष्यात कशात आली नाही. लेखक कोण विचारलं तर म्हणायची, पहिलं पान फाटलंय. ‘हे तर आपल्याच स्टेशनासारखं,’ कुणीतरी म्हणालं, तर मी म्हटलं, घाटाखालची स्टेशनं मेली सगळी सारखीच.

चौथ्या शनिवारी माई हटून बसल्या. ‘तू थेंब थेंब पाजतेस, त्यापेक्षा पुस्तकच आण. मी दोन दिवसांत वाचून देते.’ आणि माझ्याकडे बघून हसल्या. त्या हसण्यात संशय होता की नव्हता, मला अजून कळलेलं नाही. त्या दिवशी यमुना आली नव्हती, तिची सासू आजारी होती. मी उंबऱ्याकडे पाहिलं, ती जागा रिकामी. आणि तोंडातून निघून गेलं —

‘पुस्तक यमुनेकडे आहे. परवाच नेलंन. पुढची पाळी मी तिला दिली.’

निघून गेलं म्हणते बघा! जसं काही आपोआप. नाही. रिकामी जागा बघून, विचार करून, मी ते नाव घेतलं. ती उशिरा आणते हे सगळ्यांना ठाऊक होतं. चिखलाचं बोट सगळ्यांनी पाहिलं होतं. आणि ती आमच्यातली नव्हती. हे सगळं मी त्या एवढ्याशा क्षणात बघून घेतलं होतं.

पुढच्या शनिवारी ती आली. माईंनी पुस्तक मागितलं. तिला आधी कळेचना. मग म्हणाली, ‘मी नाय नेलं, माई.’ आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही हो. मी काहीतरी आठवण करून देईन, अशा आशेनं बघितलं. मी वाल सोलत होते. म्हटलं, ‘अगं, तुझ्या टोपलीत नाही का मीच ठेवलं, फडक्यात बांधून?’ सुपारीसुद्धा सांगितली मी! सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, ‘घरी बगते,’ आणि उठली.

दोनदा येऊन ‘नाय गावलं’ म्हणून सांगून गेली. मग नियमाप्रमाणे तिची पाळी बंद झाली. आणून देईपर्यंत! जे पुस्तक जगात नाही, ते ती कुठून आणणार होती? वाल घालायलासुद्धा ती यायची थांबली, दिराला पाठवायला लागली.

आणि मी काय केलं? पुस्तक हरवलं तरी मला आठवतंय म्हणून शेवट सांगितला. कमळा त्याच गावात मुलींना शिकवायला लागते. बऱ्याच वर्षांनी नवऱ्याची गाडी तिथे थांबते, तो पाण्याला उतरतो, ती त्याचा तांब्या भरून हातात देते. गाडी शिटी देते, तो हात पुढे करतो — ती चढत नाही. सगळ्या रडल्या. माईंनी माझी अलाबला घेतली. रिकाम्या उंबऱ्याकडे कुणी बघितलं नाही, मीही नाही.

चार वर्षांनी, फाल्गुनात, ह्यांनी दहिवलीला तांदूळ सांगून ठेवले होते ते बघायला मी नदी उतरून गेले. यमुनेचं घर टाळूनच जाणार होते, पण तिनंच अंगणातून हाक मारली. काय आनंद झाला तिला! हाताला धरून आत नेलं, पाटावर बसवलं. मी तिच्या उंबऱ्याशी नाही बसले. तिनं बसू दिलं नाही.

तिच्याकडे आता तिचा स्वतःचा शनिवार होता. वाण्याच्या पुड्यांचे कागद, कुणाकडचं फाटकं वर्तमानपत्र, जे हाताला लागेल ते ती जपून ठेवायची, आणि दुपारी शेजारच्या बायकांना वाचून दाखवायची. मधलाच तुकडा असला तर पुढचं काय झालं असेल ते सगळ्याजणी मिळून ठरवायच्या. हे सांगताना ती खूप हसली. ते तिचं तिनं मिळवलेलं होतं. त्यात माझं काडीचं पुण्य धरू नका.

तव्यावर तांदळाची भाकरी टाकली आणि माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, ‘वैनी, त्या कमळीचं मंग काय झालं? माजं आईकायचं ऱ्हायलं.’

मी सांगितलं. गाडी, तांब्या, पुढे केलेला हात, सगळं. माईंकडे सांगितलं त्याहून चांगलं सांगितलं. ती उलथणं हातात धरून ऐकत राहिली, एक भाकरी करपली. शेवटी म्हणाली, ‘बरं केलंन, नाय चढली ते.’

आता तरी? घरात आम्ही दोघीच होतो. एक वाक्य होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तीच बोलली.

‘मी लय शोधलं वो तुमचं पुस्तक. कणगी उपसली, माळा झाडला. पेंढ्याच्या उडव्या सोडून बगितल्या. आजून पन काय हलवलं तर बगते. आदी मला वाटायचं, मी नेलंच नाय. पन तुमी कशाला खोटं बोलाल? माज्याच हातनं कुटं पडलं असंल.’

ती माझ्याकडे बघत होती. तशीच, आशेनं.

मी म्हटलं, ‘असेल, बाई.’

यमुनेला जाऊन ही दुसरी दिवाळी. त्या दिवशी तिनं दुसरी भाकरी केली, गरम गरम ताटात वाढली, वर वालाचं बिरडं. मी ती सगळी खाल्ली. छान झाली होती.