साडेपाचची गाडी आणि पडेल पिक्चर

कंट्रोलरसाहेबांना मी खुर्चीवर बसलेलं कधी पाहिलं नाही. जुन्नरच्या एसटी स्टँडवर त्यांच्या खिडकीमागे खुर्ची होती, खुर्चीवर उशीही होती; पण साहेब कायम उभे. एक पाय खोलीत, एक फलाटावर. कानाला पेन, तोंडात शिट्टी. गाडी लागली की पुढे, सुटली की मागे, आणि मधल्या वेळात उगाच इकडून तिकडे. त्यांच्याकडे बघून बाकावरच्या प्रवाशालाही उठून उभं राहावंसं वाटायचं.

असा माणूस इंग्रजी पिक्चरचा भक्त असेल, हे सांगूनही कोणाला पटलं नसतं. तेही साध्यासुध्या नव्हे, तर त्या सुटाबुटातल्या गुप्तहेराच्या. दर दोन-तीन वर्षांनी त्याचा नवा पिक्चर निघायचा आणि मुंबई-पुण्याला जुना झाला की खरचटलेल्या रिळांनिशी जुन्नरला यायचा. साहेबांना इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं. "कळायचंय काय त्यात?" ते म्हणत. "हेराला कुठली गाडी कवा सुटती ते बरोबर ठावं असतं. आपलाच धंदा हाय तो."

आम्ही तेव्हा जुन्नरला कॉलेजात होतो. मी कळंबचा, बाकीचे चौघे अवसरी बुद्रुकचे. शनिवारी तीनचा खेळ बघायचा आणि साडेपाचच्या मंचर गाडीने घरी जायचं, हा नेम. अडचण एकच होती. पिक्चर सुटायचा पावणेसहाला, आणि साडेपाचनंतरची गाडी नारायणगावच्या पुढे जात नव्हती. त्यामुळे व्हिलन हेराला कोंडून ठेवायचा आणि आम्ही पाचजण पायऱ्या उतरून स्टँडकडे पळत सुटायचो. साहेबांची तऱ्हा तीच. सहकाऱ्याला खिडकीत उभं करून ते मध्यंतरापर्यंत बघून यायचे, पुढे ड्युटी. थोडक्यात, यातल्या एकाही पिक्चरचा शेवट आमच्यापैकी कोणी पाहिला नव्हता. मतं मात्र सगळ्यांची पक्की होती. कुठला भारी, कुठला बरा, कुठला पडेल, यावर नारायणगाव येईपर्यंत आमची भांडणं चालायची.

साहेब पडेल पिक्चरचे वकील होते. एका पिक्चरमध्ये हेर बराच म्हातारा दिसत होता, जिना चढताना धापा टाकत होता. आम्ही खो खो हसलो. साहेब तापले. "वय झालंय, तरी ड्युटी सोडतोय का? आमच्या डेपोतले डायवर बघा आधी, मग हसा." दुसऱ्यात व्हिलनच इतका मिळमिळीत होता, की त्याच्यापेक्षा आमचे प्रिन्सिपॉल भीतीदायक. त्यावर साहेबांचं म्हणणं, "व्हिलन कच्चा निघाला तर त्या हिरोनं काय करावं, राव?" आणि वाद फारच वाढला, की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं. "शेवट बघितला का? नाय ना? मग पडेल म्हनू नका. अर्धी भाकरी खाऊन सुगरणीला नावं ठेवायची नसत्यात."

मग तो नवा नट आला. जुन्या हेराच्या जागी कोणीतरी उंच, देखणा, भांबावलेला. पोस्टर बघूनच आम्ही त्याला नापास केला. साहेब शुक्रवारीच मध्यंतरापर्यंत बघून आले आणि दिवसभर अस्वस्थ फिरत राहिले. मी दिसताच खिडकीतून बाहेर वाकून म्हणाले, "कळंबकर, गडी बावचळलाय. पन दुसऱ्याच्या जागी उभं ऱ्हायचं म्हंजे सोपं नाय. शेवटाला सावरला असंल. तू उद्या शेवट बघूनच ये. गाडीचं मी बघतो." मी मान डोलावली. साहेब चेष्टा करताहेत असंच मला वाटलं.

शनिवारी चौघे मित्र कसल्याशा लग्नाला गेले होते, मी एकटाच गेलो. पिक्चर इतका रटाळ, की मध्यंतरालाच उठलो. बाजारात हिंडलो, उसाचा रस प्यायलो आणि गाडी लागताच मागच्या सीटवर खिडकीला डोकं टेकून झोपलो.

जाग आली ती लोकांच्या आरडाओरड्याने. पावणेसहा होत आले होते आणि गाडी जागची हलली नव्हती. डायव्हर स्टिअरिंगवर, कंडक्टर दारात, आणि साहेब दूर फलाटाच्या टोकाला, थिएटरच्या रस्त्याकडे तोंड करून येरझाऱ्या घालताहेत. मला घाई कसलीच नव्हती. पण वीस वर्षांचं डोकं. इतर चिडले म्हणून मीही चिडलो. पागोटेवाल्या एका बाबांनी तक्रारवही मागून आणली आणि ती फिरत फिरत माझ्याकडे आली. "तू शिकलेला हायेस, तू लिव." मी लिहिलं. "कोणतेही कारण नसताना गाडी पंधरा मिनिटे थांबवून ठेवली आहे." खाली सही, पूर्ण नाव, गाव. वर वाक्य झकास जमलं म्हणून खूशही झालो.

पिक्चर सुटला. गर्दी रस्त्याने पांगली. साहेबांनी शेवटचा माणूस जाईपर्यंत वाट पाहिली, मग पडलेल्या चेहऱ्याने गाडीत चढले आणि मला पाहून थबकले.

"आरं कळंबकर, तू गाडीतच? मग शेवट?"

माझ्या मांडीवर वही उघडीच होती. त्यांनी वही घेतली, न वाचताच मिटली आणि घंटी मारून खाली उतरले. "थांबा, ते पान फाडतो," एवढं मला म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही.

चौकशी झाली. गाडी का थांबवली, याला त्यांनी काहीच उत्तर दिलं नाही म्हणे. द्यायचं तरी काय? पिक्चरचा शेवट कळावा म्हणून? त्यांची बदली जिल्ह्याबाहेर झाली. आई आणि बायको ओतूरला, ते एकटे तिकडे. पंधरा दिवसांतून एकदा घरी. हे मला स्टँडवरच्या चहावाल्याने सांगितलं. पुढे कॉलेज संपेपर्यंत मी त्या खिडकीकडे मान वर करून पाहिलं नाही. लाज वाटायची. आजही वाटते.

आम्हा पाचजणांचा आता व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे. नाव 'साडेपाचची गाडी'. गेल्या महिन्यात तिथे पुन्हा तोच वाद पेटला, सगळ्यात पडेल कुठला? चौघांनी एकमुखाने नव्या नटाचा सांगितला. मीही 'बरोबर' एवढं टाइप केलं आणि पाठवताना बोट अडलं. शेवट बघितला होता का मी?

रविवारी मोटारसायकल काढली आणि ओतूर गाठलं. साहेब रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. केस पांढरे, पाठीला बाक. पण अंगणात येरझाऱ्या चालूच. 'कळंबकर' म्हणताच त्यांनी ओळखलं. मी मोबाइल तांब्याला टेकवून ठेवला आणि नव्या नटाचा तो पिक्चर मध्यंतरापासून पुढे लावला. साहेब खाटेवर बसले. हो, बसले. दोन्ही पाय जुळवून, शेवटचं नाव पडद्यावरून जाईपर्यंत.

"पडेलच हाय, राव," ते म्हणाले. "लई पडेल." आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

तेवढ्यात मी बोलून टाकलं. "साहेब, ती तक्रार मी लिहिली होती."

"ठावं हाय की. नाव-गाव समदं व्हतं त्यात. चौकशीत मलाच मोठ्यानं वाचाय लावली." मग म्हणाले, "अक्षर चांगलं व्हतं तुझं. पंधरा मिनिटं, तेबी बरोबर. तेवढं 'कोणतेही कारण नसताना' खोटं व्हतं."

साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, लगबगीने उठले, पायात चपला सरकवल्या.

"चल, स्टँडवर सोडतो. साडेपाचची घावंल तुला."

माझी मोटारसायकल दारातच उभी होती. मी तिच्याकडे पाहिलंही नाही. मुकाट्याने त्यांच्यामागे चालू लागलो.