काकांच्या बनियनची पिन

मावशीच्या हाताला आंबूस वास यायचा. इस्पितळाच्या डार्करूममध्ये ती छातीचे फोटो धुऊन वाळत घालायची, आणि घरी आमचे कपडेही त्याच शिस्तीत. मला तो वास अजून हवासा वाटतो.

अख्ख्या गल्लीची हाडं तिने पाहिलेली, पण ताकास तूर लागू देईल तर शपथ. "समोरच्या आजोबांच्या फोटोत काय निघालं गं?" आई विचारायची. "आजोबाच निघाले," मावशी म्हणायची.

अंगावर धातू ठेवून कुणी फोटोला उभं राहिलं, की त्याची ती बिनपाण्याने हजामत करायची. आणि तीच फसली. काकांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, बनियनचा पट्टा सकाळी तुटला, तिनेच घाईघाईत सेफ्टीपिन लावून दिली. दुपारी काका खोकल्यासाठी तिच्याकडेच फोटोला गेले. घरचा माणूस, म्हणून तपासलंच नाही. खांद्यापाशी पिन लख्ख उमटली. "हिने मला आतूनबाहेरून टाचून ठेवलंय," काका येईल त्या पाहुण्याला सांगायचे.

पुढे काका छातीच्याच आजाराने गेले. तो फोटो इस्पितळातच राहिला होता.

निवृत्तीच्या आधी मावशीला वेगळं काम मिळालं. जुने फोटो संशोधनासाठी बाहेर पाठवण्याआधी माणसाची ओळख पुसायची. नावं कॉम्प्युटर काढायचा. हाताने लिहिलेला नंबर, काढायचं राहिलेलं लॉकेट, असं जे उरेल त्यावर मावशीने काळा चौकोन ठेवायचा. एके दिवशी पडद्यावर एक बिननावाची छाती आली. खांद्यापाशी पिन.

मावशी थबकलेली पाहून शेजारच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, तेव्हा तिने सांगून टाकलं.

"राहू द्या की पिन," त्या म्हणाल्या. "कोण ओळखणार?"

"मी ओळखलं ना."

"मग एक कॉपी तरी घरी न्या. तुमचेच तर आहेत."

"या खोलीतून घरी काही जात नाही," मावशी म्हणाली, आणि चौकोन ठेवला.

संध्याकाळी तिने कामावरची गोष्ट घरी पहिल्यांदाच सांगितली. मला तिचा रागच आला. "एक कॉपी आणली असतीस तर काय बिघडलं असतं?"

ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

"पिन झाकायला फार वेळ लागला रे," शेवटी म्हणाली. "छाती अगदी स्वच्छ होती. अजून काही झालंच नव्हतं त्यांना."