बिब्ब्याचा डाग
काल शेजारणीने टाचेत मोडलेल्या काट्यासाठी बिब्बा दिव्यावर धरला, आणि त्या जळक्या वासाने मला माहेरची ओसरी आठवली. माझा थोरला भाऊ तेव्हा घरात कोणाशी बोलत नसे, आम्हाला ऐकू न येणाऱ्या आवाजांना मात्र उत्तरं देई. आई गेली तेव्हाही त्याचा चेहरा कोरडाच राहिला, म्हणून वडिलांनी मानोऱ्याकडचा, डाग देऊन उपचार करणारा एक जाणता बोलावला. त्याने तापलेला बिब्बा भावाच्या पोटरीवर टेकवला. कातडी करपली, पण भावाची पापणी हलली नाही. "याले काही कयतच नाही," जाणता म्हणाला, "आता कपायावर द्या लागते." काका हसले, "दे बापा, दगडाले काय दुखते?" भावाचा हात धरून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. त्याचा तळवा घामाने भिजला होता आणि मनगटातली शीर एकसारखी उडत होती. माणसांपुढे माझ्या तोंडून शब्द फुटत नसे, म्हणून मी वडिलांचा हात ओढला आणि भावाच्या छातीवर ठेवला. वडिलांनी तो तिथेच दाबून धरला. मग म्हणाले, "बस करा. पोरगं आतून थरथरून राह्यलं." त्यानंतर भावाला कोणी डाग दिला नाही, तो होता तसाच राहिला. गेल्या महिन्यात माझे घरधनी वारले. मला रडू आलं नाही. "हिले काहीच वाटत नाही काय वं?" बाया कुजबुजल्या. मी पदराखाली माझाच हात छातीवर ठेवून बसले होते.