नळीकाकांचा हात

नळीकाका किड्यांना ‘अहो’ म्हणायचे आणि माणसांना ‘अरे’. इंद्रलोक भागातल्या आमच्या सोसायटीत कढीपत्त्यासमोर गुडघे टेकून ते मुंगळ्याला विनवत, “जरा थांबा हो साहेब, एकच फोटो!” आणि मागून स्कूटर काढणाऱ्यावर डाफरत, “अरे, साहेब जेवतायत, दिसत नाही का?”

छापखान्यातून निवृत्त झालेला हा एकटा माणूस. जुना कॅमेरा, एकच लेन्स. किड्यांसाठीची खास लेन्स परवडत नव्हती, म्हणून ते कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये पोकळ नळ्या बसवायचे. लेन्स पुढे सरकली की मुंगीचे डोळेसुद्धा फोटोत दिसतात. मला हा नाद त्यांनीच लावला.

जुन्या नळ्या झिजल्या तेव्हा नव्या मागवायचं काम माझ्याकडे आलं. मोबाइलवरच्या खरेदीला काका बिचकायचे. “आत नुसती हवा असते रे,” ते म्हणाले, “हवेला कशाला जास्त पैसे द्यायचे? स्वस्तातलाच सेट घे. फक्त लेन्स अडकते ते तोंड धातूचं बघ. लेन्सचं सगळं वजन तिथेच लटकतं. प्लास्टिक नको, कळतंय ना?”

कळत होतं. पण धातूचा सेट यायला तीन आठवडे लागणार होते आणि काका रोज संध्याकाळी दारात, “आल्या का रे?” मी कंटाळलो आणि दुसऱ्या दिवशी मिळणारा प्लास्टिकचा मागवला. वर चंदेरी मुलामा होता. काकांनी तो हातात तोलला. “हलका लागतोय रे.”

“नवीन धातू आहे, काका,” मी बेधडक सांगितलं. त्यांनी लगेच विश्वास ठेवला.

त्या रविवारी आम्ही बसने डोंगरी गावाच्या टेकडीवर गेलो. करवंदीच्या जाळीत एक कोळी सापडला. काका श्वास रोखून वाकले आणि कट्ट आवाज झाला. लेन्स खालच्या दगडावर पडून फुटली. मी आधी काय केलं असेल, तर नळीच्या तोंडाचे तुटलेले तुकडे गोळा करून खिशात घातले. त्यांना आतलं काळं प्लास्टिक दिसू नये म्हणून.

काका स्वतःच्या हाताकडे बघत होते. “थरथरला रे माझा हात. वय झालं.”

“होतं असं, काका,” मी म्हणालो. हे आठवलं की आजही मला माझी किळस येते.

त्यानंतर ते कढीपत्त्याकडे फिरकले नाहीत. कोणी विचारलं तर म्हणायचे, “हात गेला आमचा.” मी जुनी एक लेन्स मिळवून दिली, तर त्यांनी ती परत केली. “थरथरत्या हातात कशाला देतोस? तुला उपयोगी पडेल.” तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी लेन्स घेऊन घरी आलो.

गेल्या वर्षी ते रत्नागिरीला भावाकडे कायमचे गेले. निघायच्या सकाळी मी सगळं सांगायचं ठरवूनच वर गेलो. काकांनी चहा केला, एका हाताने भांडं उचललं आणि माझा कप काठोकाठ भरून पुढे केला. बशीत थेंबही सांडला नाही. मी तो चहा प्यायलो, त्यांच्या पाया पडलो आणि खाली उतरलो.