वास मोजणाऱ्या मीनलताई

मीनलताईंना वास घेण्याचा पगार मिळतो. जर्मनीतल्या वाल्डॉर्फमध्ये मी त्यांच्याच घरी खोली घेऊन राहते. तरी हे कळल्यावर काही दिवस मला ते खरं वाटेना.

ताई पुण्यात बँकेत होत्या. नवरा दत्ता सॉफ्टवेअरमध्ये, म्हणून इथे आल्या आणि काही वर्षं घरीच राहिल्या. मग एका प्रयोगशाळेची जाहिरात पाहून गेल्या. तिथे त्यांना बाटल्या हुंगायला दिल्या. फार तीक्ष्ण नाक चालत नव्हतं, बोथटही नाही. चारचौघांसारखं हवं होतं. ताईंची निवड झाली. मध्यम असल्याबद्दल नोकरी मिळालेली आमच्या घरातली ही पहिलीच, असं दत्ता पाहुण्यांना सांगतात.

नियम कडक. कामाच्या दिवशी अत्तर नाही, कॉफी नाही, कांदा-लसूण नाही. आमच्याकडे चातुर्मास बारा महिने चालतो, हेही दत्तांचंच.

गेल्या वर्षी काम होतं ते कचऱ्याच्या डोंगराखालच्या एका गावात. डोंगराच्या पुढच्या अंगाला गवत, त्यावर मेंढ्या. मागच्या अंगाला अजून ट्रक रिकामे होतात. डोंगर चालवणारी कंपनी गावाला नुकसानभरपाई द्यायला तयार होती, पण गल्ली पाहून. वर्षभरात जिथे कचऱ्याचा वास ठरलेल्या मर्यादेहून जास्त वेळा येईल, त्याच गल्लीला. ते ठरवायला ताईंसारखी परकी नाकं. नेमल्या जागी उभं राहायचं, थांबून थांबून श्वास घ्यायचा आणि नोंदवायचं: काही नाही, शेणखत, धूर किंवा कचरा. अहवाल निघेपर्यंत गावात कुणाशी त्याबद्दल बोलायचं नाही.

शेवटच्या गल्लीत ताईंची जागा हेर, म्हणजे श्रीयुत, ब्रेनर यांच्या कुंपणापाशी होती. ऐंशीच्या घरातले गृहस्थ. दर खेपेला बाहेर येत, कॉफी घ्या म्हणत. ताई नको म्हणत. मग ते विचारत, येतोय का? ताई नुसत्या हसत. सोबत म्हणून गेलेली मी गाडीतून बघायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याचा डोळा पैशावर आहे.

मार्चमध्ये एकदा त्यांनी कुंपणावर हात ठेवून सगळं सांगितलं. त्यांना स्वतःला कित्येक वर्षं कशाचाच वास येत नव्हता. इथली माणसं कडाक्याच्या थंडीतही सकाळी खिडक्या सताड उघडतात, घरात ताजी हवा घेतात. तेही घेत. बायको हिल्डे मागोमाग येऊन खिडकी लावायची. वास येतो म्हणायची. शेजाऱ्यांना तो नखरा वाटला, डॉक्टरांना मनाचा खेळ. हेर ब्रेनर काहीच म्हणाले नाहीत. ते फक्त खिडकी पुन्हा उघडत राहिले. हिल्डे दोन वर्षांपूर्वी गेली.

"भरपाईचं मला काही नाही," ते म्हणाले. "ती खरं सांगत होती का, एवढंच कळायला हवं."

पुढच्या खेपेला वारा शेतांकडून होता. ताईंनी शेणखत नोंदवलं. परतताना मी म्हणाले, कचरा लिहिलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं?

"मी खोटं लिहिलं, तर त्या बाई खऱ्या कशा ठरतील?"



शरदात अहवाल जाहीर झाला. डोंगरालगतच्या दोन गल्ल्यांना भरपाई मंजूर झाली. ब्रेनर यांची गल्ली मर्यादेच्या जरा खाली राहिली. तिला काही नाही.

आता बोलायची बंदी उठली होती. ताईंनी चकल्यांचा डबा घेतला आणि मला म्हणाल्या, चल.

हेर ब्रेनर यांनी दार उघडलं. अहवाल त्यांनी वाचला होता. म्हणाले, म्हणजे हिल्डेला भासच होत होते.

ताई सरळ आत आल्या. स्वयंपाकघरात जाऊन बसल्या आणि कॉफी मागितली. म्हातारबुवा गडबडले. चांगले कप शोधण्यात त्यांचा वेळ गेला. खिडकी सताड उघडी होती. कॉफी समोर आल्यावर ताई बोलल्या.

"हेर ब्रेनर, वास येतो. रोज नाही. वारा पडला, धुकं उतरलं की येतो. मग घशात बसतो. भरपाई मिळावी इतक्या वेळा नाही आला. पण तुमच्या कुंपणापाशी मी तो घेतलाय. हिल्डेबाई खरं सांगत होत्या."



"सकाळी?" त्यांनी विचारलं.

ताईंनी कप खाली ठेवला. "सकाळीच जास्त."

ते उठले. खिडकीशी गेले, झडप ओढली, मूठ फिरवली. खिडकी बंद झाल्यावरही मूठ धरून उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून. त्यांचे खांदे हलत होते.

 ताईंनी आपल्या कपाखालची बशी काढली आणि त्यांची कॉफी गार होऊ नये म्हणून त्यांच्या कपावर झाकून ठेवली.