बेबाबाईचं देवपण

बेबाबाईच्या अंगात कानबाई देवी वर्षातून एकदाच यायची, श्रावणात, रोटांच्या सणाला. भाऊबंद जमायचे, देवी म्हणून मांडलेल्या, नथ घातलेल्या नारळापुढे डफ वाजायचा, बेबाबाई घुमायची. दुसऱ्या दिवशी कानबाईची नदीवर बोळवण झाली की बाई पाटी घेऊन शेण वेचायला मोकळी. एरंडोलकडच्या त्या खेड्यात कोणाला त्याचं अप्रूप नव्हतं.

पण छप्पन साली घुमता घुमता ती गावातल्या भिकनला म्हणाली, "तुना बैल चुडामणनी केळीमा शे." हरवलेला बैल त्या केळीच्या बागेतच निघाला, आणि बेबाबाईची देवी झाली. ओट्यावर नारळ फुटू लागले, पाटी कोणी हातात घेऊ देईना.

"अरे, नदीवर जाताना देखा व्हता मी त्याले. मना डोयाघाई," ती डोळ्यांकडे बोट दाखवून सांगून दमली.

"देव असाच बोलस," भिकनने हात जोडले.

नारळांचं काही नाही. पण शेजारची लताबाई पाया पडू लागली, हे तिच्या जिवाला लागलं. लताबाईच्या कोंबड्या, बेबाबाईच्या कुरडया आणि मधली बुटकी भिंत, यांवरून दोघींचं उभं आयुष्य भांडणात गेलेलं. आता लताबाईने कोंबड्या डालून टाकल्या. भांडणावाचून बेबाबाईला घास गोड लागेना.

एका सकाळी ती भिंत ओलांडून गेली आणि लताबाईच्या देखत तिच्या गवऱ्या ओटीत भरू लागली.

"ली जा माय, बठ्ठं तुनंच शे," लताबाई म्हणाली.

बेबाबाईने चुलीवरच्या कळण्याच्या भाकरीकडे पाहून नाक मुरडलं. "कयनानी भाकर शे का खापर? तुना नवराना दात यान्हाघाईच पडनात."

लताबाईने जोडलेले हात कमरेवर गेले. "आनि तुना? तुनी बडबडले कंटाईसन मरना तो."

नारळ घेऊन आलेला भिकन दारातच थबकला. "लताबाई, देवी शे ती."

"देवी व्हई तिना घर. मन्या गवऱ्या ठेव म्हना आठे."

बेबाबाईने गवऱ्या एकेक करून खाली ठेवल्या. एक मात्र पदराखाली दाबली, उद्याच्या भांडणासाठी, आणि भिंत ओलांडून पाटी शोधायला लागली.

मागे लताबाई गवऱ्या मोजत होती.